बनावट आणि बनावटीची

घाटकोपर पश्चिमेला रिक्षात बसून ‘गोळीबार’ म्हटलं की रिक्षा मुकाट्याने निघते. तिथे गोळीबार रोड आहे, आणि त्याच बाजूला टेकडीकडे ‘रायफल रेंज’ नावाची वस्ती. खार-सांताक्रूझच्या पूर्वेला आणखी एक गोळीबार आहे, पुण्यात गोळीबार मैदान आहे. टेकडीच्या आडोशाने कधीकाळी नेमबाजीचा सराव चालत असणार, हे नावंच सांगतात. आता तिथे चाळी, टॉवर, क्लास आणि भाजीच्या गाड्या आहेत. बंदुका गेल्या, त्यांचे शब्द राहिले.

‘गोळीबार’मधला ‘बार’ फारसीतून आलेला. बार म्हणजे ओझं. संस्कृतातला ‘भार’ आणि फारसीतला ‘बार’ ही एकाच मुळाची भावंडं. बंदुकीच्या नळीत एका वेळी जेवढं ओझं भरायचं, म्हणजे दारू, बोळा आणि गोळी, तो एक बार. भरलेलं ओझं उडवलं की तोही बार. पुढे हा शब्द नळीतून निघून घरात शिरला. आजोबा तंबाखूचा बार भरू लागले, मुलीचे वडील लग्नाचा बार उडवू लागले, आणि पोकळ घोषणेला लोक फुसका बार म्हणू लागले. म्हणजे गोळीबार रोडची पाटी वाचणारा माणूस नकळत ठासणीच्या बंदुकीच्या काळातला शब्द वाचत असतो.

मीही तो वर्षानुवर्षं नकळतच वाचत होतो. त्याकडे थांबून पाहायला लावलं माझ्या भाच्यानं. त्यानं मुलुंडला नवं घर घेतलं आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायला एक जुनी बंदूक आणली. मी गेलो तेव्हा ती अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. लाकडी दस्ता, पितळी कड्या, काळसर नळी. घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर चार खुणा: एक मुकुट, त्याखाली इंग्रजी अक्षरांत ‘व्ही. आर.’, पुढे ‘टॉवर’, आणि साल १८५७. सोबत दुकानदारानं दिलेलं कार्ड होतं, त्यावर मराठीत लिहिलेलं: ‘इंग्लिश बनावटीची बंदूक’.

भाचा म्हणाला, “मामा, तू शब्दांचा माणूस. यावरचं वाच आणि सांग, बनावट तर नाही ना?”

मी कार्ड पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. दुकानदाराचा शब्द आणि भाच्याचा शब्द एकच होता. एकानं तो दाखला म्हणून वापरला होता, दुसऱ्यानं शंका म्हणून.

‘बनावट’ मराठीत हिंदीतून आला. सजणे-सजावट तसं बनणे-बनावट. मुळात अर्थ सरळ: एखादी वस्तू ज्या तऱ्हेने बनली ती तऱ्हा, तिची घडण. ‘जर्मन बनावटीचं यंत्र’ म्हणताना आपण आदरानंच बोलतो. पण ‘बनावट नोटा’, ‘बनावट सही’, ‘बनावट दाखला’ म्हटलं की तोच शब्द गुन्हेगार होतो. ‘बनवणे’ या क्रियापदाचंही तसंच झालं. आई पोळ्या बनवते, आणि ‘मला बनवू नकोस’ म्हणजे मला फसवू नकोस. ‘अशी ही बनवाबनवी’ हे १९८८ सालच्या चित्रपटाचं नाव कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही, इतका हा दुसरा अर्थ आपल्या अंगवळणी पडला आहे.

हे फक्त मराठीचं नाही. इंग्रजीत ‘फोर्ज’ म्हणजे लोहाराची भट्टी, लोखंड तापवून घडवणं; आणि ‘फोर्जरी’ म्हणजे खोटी सही. संस्कृतात ‘कृ’ म्हणजे करणे, आणि ‘कृत्रिम’ म्हणजे केलेलं, म्हणून खरं नसलेलं. हिंदी-उर्दूतला ‘जालसाज’ आपल्याला जाळं विणणारा वाटतो, पण तो ‘जाल’ म्हणजे जाळं नव्हे. तो अरबी ‘जअल’ आहे, अर्थ करणे, बनवणे. त्याला जोडलेला फारसी ‘साज’ म्हणजेही बनवणारा. निरनिराळ्या घराण्यांच्या इतक्या भाषांनी लोहाराच्या भट्टीपासून लबाडाच्या टेबलापर्यंत एकच वाट काढली. जी वस्तू कोणीतरी बनवते ती खोटीही बनवता येते, हा अनुभव सगळ्यांचा सारखाच होता. मग खरी बनावट आणि खोटी बनावट यांच्यात नेमका फरक कशाचा? भाच्याच्या बंदुकीचा आणि माझ्या शब्दांचा प्रश्न इथे एक झाला.

बंदुकीवरच्या खुणांना आपण शिक्का म्हणतो. अरबी ‘सिक्का’ म्हणजे मुळात नाण्यावर छाप उठवण्याचा लोखंडी ठसा. ठशाचं नाव छापेला मिळालं आणि छापेचं नाण्याला. हिंदीत सिक्का म्हणजे नाणंच झालं, मराठी मात्र छापेपाशी थांबली. हा शब्द पश्चिमेलाही गेला. व्हेनिसच्या टांकसाळीला ‘झेक्का’ म्हणू लागले, तिथल्या सोन्याच्या नाण्याला ‘झेक्कीनो’, आणि त्याचंच इंग्रजी रूप ‘सिक्विन’ आज लग्नाच्या घागऱ्यावर टिकल्या होऊन चमकतं.

शिक्क्याचं पहिलं काम साल सांगणं. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं. ती १८३७ मध्ये गादीवर आली आणि जानेवारी १९०१ मध्ये वारली. त्यानंतर एडवर्ड आणि जॉर्ज राजांची अक्षरं आली. आता ज्या आखूड ली-एनफिल्ड रायफली आपण जुन्या पोलिस चौक्यांत पाहिल्या, त्यांचा पहिला नमुना १९०३ चा आणि सर्वांत माहितीचा ‘मार्क तीन’ १९०७ चा. अशा रायफलीवर ‘व्ही. आर.’ दिसलं तर पुढे काही तपासायला नको. मेलेली राणी शिक्का मारत नाही. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी हातानं बनवलेल्या रायफलींवर अशा चुका नेहमी सापडतात. राजा चुकलेला, इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं, ‘एन’ अक्षर आरशातल्यासारखं उलटं. ज्याला ती लिपी वाचता येत नव्हती, त्यानं अक्षराचं चित्र काढलं होतं.

‘टॉवर’ म्हणजे लंडनचा टॉवर. सरकारनं बाहेरच्या कारागिरांकडून करून घेतलेल्या १८५३ च्या नमुन्याच्या बंदुकांवर हा शब्द असे; एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात झालेल्यांवर ‘एनफिल्ड’ असे. भाच्याच्या बंदुकीवर राणी, टॉवर आणि १८५७ यांचं एकमेकांशी पटत होतं. कालगणनेच्या परीक्षेत ती पास झाली. पण ज्यानं नक्कल केली त्याच्यासमोर चांगला नमुना असेल, तर शिक्के पटणारच.

म्हणून आपल्या जुन्या दफ्तरदारांनी एका शिक्क्यावर कधी भरवसा ठेवला नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज आपण ‘पक्कं होणे’ एवढ्याच अर्थाने वापरतो, पण त्यात दोन मुद्रा आहेत. कागदाच्या माथ्यावर शिक्का, आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. ‘मोर्तब’ हा फारसी-अरबी ‘मुरत्तब’, म्हणजे नीट लावलेलं, पूर्ण झालेलं. अखेरीस मोर्तब उठली की खाली एक ओळही वाढवता येत नसे. वरची मुद्रा सांगे हा कागद कोणाचा, खालची सांगे तो कुठे संपला.

ली-एनफिल्डवर हीच व्यवस्था लोखंडात केलेली असते. एकच क्रमांक मुख्य सांगाड्यावर, मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टच्या दांडीवर, नळीवर, मागच्या दर्शकाच्या पट्टीखाली आणि तोंडाशी असलेल्या टोपणावर. सगळे क्रमांक जुळले तर सारे भाग एकाच जन्माचे. एखाद्या ठिकाणी वेगळा क्रमांक असला तर भाग नंतर बदललेला, आणि यात लबाडी असेलच असं नाही. पलटणीच्या कारखान्यात दुरुस्ती होतच असे. लबाडी सुरू होते ती जुना क्रमांक घासून नवा ठोकला जातो तेव्हा. मग तिथलं लोखंड किंचित खोलगट होतं. बोट फिरवलं की डोळ्याआधी बोटाला कळतं.

शब्दांवरही असे घासून ठोकलेले शिक्के असतात, आणि त्यासाठी घाटकोपरच्या बाहेर जायला नको. हे नाव ‘घाट के ऊपर’ यावरून पडलं, असं आमच्या भागात कोणीही हौसेनं सांगतं. ऐकायला छान, अर्थही लागतो. पण शिक्का आणि सांगाडा जुळतात का ते पाहावं. ‘के ऊपर’ ही हिंदीची रचना. साष्टी बेटावरच्या गावांत नावं ठेवणारे कोळी, आगरी, कुणबी मराठीच्या बोली बोलत. घाटकोपर डोंगराच्या माथ्यावर नाही, पायथ्याशी आहे. आणि ‘कोपर’ हा शब्द याच परिसरात पुन्हा पुन्हा भेटतो: डोंबिवलीशेजारचं कोपर, खाडीपलीकडचं कोपरखैरणे. कोपर म्हणजे कोपरा, वळण, हाताच्या कोपरासारखी जागा. घाटाजवळचा कोपरा हे गावाचं साधं, मातीतलं नाव. त्यावर ‘के ऊपर’ हा मागाहून आलेल्या वस्तीच्या भाषेनं उठवलेला शिक्का आहे. १९०७ च्या रायफलीवर व्हिक्टोरिया राणी, तसं.

‘बंदूक’ या शब्दाच्या अंगावरही असाच एक चकचकीत शिक्का आहे. अरब लोक व्हेनिसला ‘अल-बुंदुकिया’ म्हणत. व्हेनिसचे व्यापारी हत्यारं आणत. म्हणून हत्याराचं नाव बंदूक, असं सांगतात. शहर खरं, अरबी नाव खरं, व्यापारही खरा. तरी व्युत्पत्ती खोटी. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे टणक कवचाचं, बोराएवढं गोल फळ, ज्याला बाजारात आपण हेझलनट म्हणतो. ग्रीक लोक त्याला पोंटसचं, म्हणजे काळ्या समुद्राकाठचं फळ म्हणत, आणि त्या नावाचं अरबी रूप ‘बुंदुक’. त्या फळासारखी गोल गोळी धनुष्यातून मारून पक्षी टिपत, तर त्या गोळीलाही बुंदुकच म्हणू लागले.

पुरावा एका माणसाच्या नावात आहे. १२६० ते १२७७ या काळात इजिप्तवर राज्य केलेल्या सुलतान बैबर्सच्या नावात ‘अल-बुंदुकदारी’ येतं. तो ज्या अमिराचा गुलाम होता, त्याच्याकडे गोळ्या मारायचं धनुष्य सांभाळण्याचं मानाचं पद होतं. ते पद म्हणजे बुंदुकदार. हातात धरून झाडायच्या बंदुका तेव्हा कोणत्याही सैन्यात रुळलेल्या नव्हत्या. म्हणजे शब्द हत्यारापेक्षा वयानं मोठा आहे. आधी फळ, मग गोळी, मग गोळी मारणारं साधन. राणीचं मृत्युवर्ष रायफलीला उघडं पाडतं, तसं बैबर्सचं साल व्हेनिसच्या गोष्टीला उघडं पाडतं. गंमत वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. व्हेनिसनं आपल्याला बंदूक हा शब्द दिला नाही, पण आपण ज्याला शिक्का म्हणतो तो शब्द मात्र व्हेनिसनं अरबांकडून घेतला.

‘रायफल’ या शब्दानं मला बंदुकीच्या आत डोकवायला शिकवलं. जर्मनमधल्या खाचा पाडणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं आहे. रायफल हे आधी बंदुकीचं नाव नव्हतंच, ते नळीच्या आतल्या वळत जाणाऱ्या खाचांचं नाव होतं. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते, म्हणून सरळ जाते. १८५३ च्या एनफिल्डमध्ये अशा तीन खाचा, मार्टिनी-हेन्री रायफलीत सात, ली-एनफिल्डमध्ये पाच. आपण ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतो तेही नळीचंच माप, इंचाचे एक हजार भाग केले तर त्यातले ३०३. त्यातला ‘नॉट’ म्हणजे शून्य.

आता इतिहासातली एक कडू गोष्ट. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना दिलेल्या बंदुका बाहेरून थेट १८५३ च्या एनफिल्डसारख्या होत्या, पण नळी आतून गुळगुळीत. खाचा मुद्दाम ठेवलेल्या नव्हत्या. शिपायाची गोळी गोऱ्या सोल्जराच्या गोळीइतकी लांब आणि नेमकी जाऊ नये, यासाठी. अशा बंदुकीवरचा मुकुट अस्सल, साल अस्सल, कारखाना अस्सल; पण तिला रायफल म्हणणं चूक. बाहेरचे सगळे शिक्के खरे असूनही नाव खोटं ठरू शकतं, हे मला या बंदुकीनं शिकवलं. शब्दाचंही आतलं वळण पाहावं लागतं.

‘चाप’ पाहा. बंदुकीचा चाप ओढतात. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, तेव्हा धनुष्यापासून बंदुकीपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो. पण मराठीत केसांचा चाप आहे, ‘चाप बसणे’ आहे, ‘चापून नेसणे’ आहे, ‘चेपणे’ आहे. या सगळ्यांत दाब आहे, धनुष्य कुठेच नाही. संस्कृतशी अक्षरं जुळतात म्हणून संस्कृत मुकुट ठोकणं बरं नव्हे. माझा कौल दाबाच्या बाजूनं आहे.

बाकीचे शब्द आपल्या अंगणातले. चाप ओढला की आघात करणारा तो घोडा, आणि घोडा चढवला की बंदूक तयार. नळीच्या मागच्या बाजूला आग आत जाण्याचं बारीक छिद्र तो कान. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर त्यांच्या कानात खिळे ठोकत. कानाशी टाकायची बारीक दारू म्हणजे रंजक. आणि गजानं बार आत दाबून बसवायचा ती ठासणी. कोकणात शेताची राखण करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ठासणीची बंदूक अजून आहे. आणि आपण सगळेच, बंदूक न पाहिलेलेसुद्धा, एखादी गोष्ट ठासून सांगतो.

दारूचा प्रवास याहून लांबचा. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. बंदुकीच्या पुडीला चिनी लोक ‘अग्नीचं औषध’ म्हणत, आणि फारसीतही ती दारूच झाली. मराठीत औषध हा अर्थ मागे पडला आणि पेला व तोफ दोन्हीकडे एकच शब्द उरला.

‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ मात्र समुद्रावरून आले. पोर्तुगीज ‘कार्तुशो’ आणि ‘पिस्तोला’. कार्तुशोच्या मुळाशी इटालियन कागद आहे: कागदाची सुरळी, तिच्यात दारू आणि गोळी. पितळी काडतूस हा पुढचा अवतार. हे शब्द आपल्याकडे कोणत्या वाटेनं आले असतील, याची खूण आमच्या उपनगरांतच आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी गावं साष्टी बेटावर. आणि साष्टी १५३४ च्या वसईच्या तहानंतर दोनशे वर्षं पोर्तुगिजांकडे होती. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांवर त्यांच्या मठाचे अवशेष आजही उभे आहेत. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई. किल्ले परत घेतले, तोफा ताब्यात घेतल्या, शब्द ठेवून घेतले. ‘र’ आणि ‘त’ची ती परकी ठेवण मराठी जिभेनं वळवून ‘काडतूस’ केली, आणि आज त्यावर परकेपणाचा ओरखडाही दिसत नाही. काडतूस ही काही नक्कल नव्हे. आपण ते घेतलं, वापरलं, वापरून आपलं केलं.

‘नक्कल’ या शब्दाविषयीही आपला ग्रह थोडा बदलायला हवा. अरबी ‘नक्ल’ म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. मजकूर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेला की ती नक्कल. त्यात फसवणूक नव्हती. म्हणून तर आजही कचेरीत सातबाराची नक्कल मागतात आणि तिच्यावर अभिमानानं ‘खरी नक्कल’ असा शेरा असतो. परदेशी माणसाला हा शेरा विसंगत वाटेल. आपल्याला वाटत नाही, कारण आपण जाणतो की नक्कल आपण नक्कल असल्याचं सांगते तोवर ती खरीच असते.

महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी त्यांचा युरोपी सेनानी द बॉयन याच्या देखरेखीखाली आग्र्याला बंदुकांचा कारखाना चाले. सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तो पाहत असे. युरोपी नमुन्यावरून तिथे झालेली बंदूक दहा रुपयांत पडे आणि विलायती बंदुकीच्या तोडीची ठरे. नमुना परक्याचा, हात इथले, नाव आग्र्याचं. ही नक्कल आहे, आणि तिच्यात लाज वाटावी असं काही नाही. मी तर म्हणेन, दर्रा आदमखेलच्या कारागिराचंही लोखंड खोटं नसतं. हातातल्या कानशीनं त्यानं जे यंत्र जुळवलं, ते कसबाचं काम असतं. खोटी असते ती फक्त पट्टीवरची राणी. त्यानं तिथे आपलं नाव घातलं असतं, तर ती ‘दर्ऱ्याच्या बनावटीची’ रायफल झाली असती. इंग्लंडचं नाव घातलं, म्हणून ‘बनावट’ झाली.

याउलट एक उदाहरण नेपाळचं. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला राणांच्या काळातला जुना शस्त्रसाठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला. हजारो जुन्या बंदुका बाहेर आल्या, त्यांत इंग्रजी नमुन्यांवरून नेपाळातच घडवलेल्या पुष्कळ. त्यांच्यावरच्या खुणा देवनागरीत. आपल्या अक्षरांतले आकडे पाश्चात्त्य संग्राहकांना कोडं घालत होते. मुलुंडच्या शाळेतलं तिसरीतलं मूल ते सहज वाचेल. पण तिथेही घाई नको. अशा खुणांतलं साल विक्रम संवताचं असू शकतं, आणि तो आपल्या इंग्रजी सालाच्या छपन्न-सत्तावन्न वर्षं पुढे असतो. १९४५ वाचून कोणी ‘ही तर दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणेल, आणि ती असेल १८८८ च्या आसपासची. अक्षर ओळखीचं असलं तरी काळ ओळखीचा असतोच असं नाही. जुन्या मराठी कागदांतल्या शब्दांबद्दल माझं हेच सांगणं असतं.

मग शेवटी कसाला काय लावायचं? ‘कस’ म्हणजे सोनाराच्या दगडावरची रेघ, ‘कसोटी’ म्हणजे तो दगड. संस्कृतातली ‘परीक्षा’ झिजून झिजून मराठीत ‘पारख’ झाली, आणि झिजल्यानंच अधिक आपली वाटते. जुन्या लोखंडाच्या पारखीतही झीजच कामाला येते. तिच्यासाठी मराठीत सुंदर शब्द आहे: राप. उन्हानं माणूस रापतो, हातानं लाकूड रापतं, काळानं लोखंड रापतं. खरा शिक्का आजूबाजूच्या लोखंडाबरोबर रापलेला असतो. अक्षरांच्या कडा बोथट, खाचेच्या तळाशीही तोच काळेपणा. नंतर ठोकलेल्या शिक्क्याच्या कडा वर उचललेल्या असतात, खाचेत लोखंड उजळ दिसतं, किंवा ते उजळ दिसू नये म्हणून आम्लानं सगळीकडे सारखाच काळेपणा आणलेला असतो. राप कधी सारखा नसतो. हात जिथे पडतो तिथे तो गुळगुळीत, आणि हात पोहोचत नाही त्या कोपऱ्यात दाट. झीज वापराची असते, आणि वापर ठोकून आणता येत नाही.

भाच्याला मी टॉर्च आणायला सांगितलं. नळीत प्रकाश टाकला. आत एकही खाच नव्हती. शिपायांच्या गुळगुळीत बंदुकीची आठवण येऊन मी क्षणभर थबकलो. मग कान पाहिला. कानाच्या जागी उंचवटा होता, त्यात छिद्र पाडलेलंच नव्हतं. या बंदुकीनं कधीच काही ऐकलेलं नव्हतं. दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी ज्या स्क्रूंनी बसवली होती, त्यांच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच होती, आणि तसे स्क्रू १९३० च्या दशकात जन्मले. घोड्याशेजारची लोखंडी पट्टी म्हातारी दिसत होती, तिच्यावरच्या १८५७ च्या कडा मात्र बोटाला टोचत होत्या. भाच्याला म्हटलं, “तूच बोट फिरव.” त्यानं फिरवलं आणि काही न बोलता मान हलवली.

त्याला वाईट वाटलं, आणि मलाही. पण मी त्याला सांगितलं की खरी निघाली असती, तर प्रश्न तिथेच संपला नसता. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, झाडता येणाऱ्या बंदुकीसाठी १९५९ चा शस्त्र कायदा. ही त्या दोन्हींच्या आधीच थांबलेली होती. लाकूड मात्र चांगलं होतं, पितळेचं काम नेटकं. कुठल्यातरी कारखान्यात कोणी हातानं घासून, मेहनतीनं ते केलं होतं. त्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं. त्याच्या कामावर एका मेलेल्या राणीचं नाव होतं.

भाच्यानं विचारलं, “मग लावू का नको भिंतीवर?”

“लाव,” मी म्हटलं, “पण ते कार्ड बदल.”

त्यानं नवं कार्ड घेतलं आणि पेन उचलून विचारलं, “काय लिहू? भारतीय बनावट?” मग स्वतःच थांबला. वाचणारा काय समजेल, हे त्याच्या लक्षात आलं होतं. थोड्या वेळानं त्यानं लिहिलं: ‘भारतीय बनावटीची, शोभेची बंदूक.’

मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. मघापासून ज्या फरकाचा शोध घेत होतो, तो मराठीच्या एका प्रत्ययात होता. ‘बनावट’ एकटा शब्द उभा राहिला की संशय येतो, कारण ती कोणाची हे तो सांगत नाही. ‘-ची’ लागली की मागे कोणीतरी उभं राहतं: आग्र्याच्या बनावटीची, नेपाळच्या बनावटीची, दर्ऱ्याच्या बनावटीची. षष्ठीचा तो लहानसा प्रत्यय म्हणजे बनवणाऱ्याची सही. ती खरी असेल तर नक्कलसुद्धा खरी ठरते. ती चोरलेली असेल तर सोन्याचीही वस्तू खोटी.

घरी परतताना रिक्षानं गोळीबार रोडचं वळण घेतलं. घाटाजवळच्या कोपऱ्यातलं गाव, फारसीतला बार, आपली साधी गोळी, आणि पलीकडे जर्मन खाचांची रायफल रेंज. ही सगळी नावं ज्याची त्याची सही घेऊन एका रस्त्यावर नांदत होती. वापरून वापरून त्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. त्यांच्यावर राप बसला होता.